झाकणाच्या आत

“शी! वन्सं, हे काय निघतंय त्यातून?”

भावजयीने टेबलावर ठेवायला आणलेला चहा तसाच परत उचलला. ताईने लाकडी काडीचं टोक घड्याळाच्या पट्ट्याच्या दोन कड्यांमधून फिरवलं आणि कागदावर पुसलं. काळपट, ओलसर, चिकट असं काहीतरी कागदाला लागलं.

“माणूस निघतोय,” ताई म्हणाली. “घाम, साबण, मेलेली कातडी. कोणीतरी आठ-दहा वर्षं घातलंय आणि एकदाही धुतलेलं नाही.”

“आणि तुम्ही ते हाताने...”

“काडीने.”

“तुमच्या भावाचे मोजे धुताना मला एवढी शिसारी येत नाही!” भावजय चहा घेऊन आत गेली आणि आतूनच ओरडली, “हात धुवून या, तरच चहा मिळेल.”

शिसारी ताईलाही येत होती. सव्वीस वर्षं ती दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवत होती. दुरुस्तीला आलेल्या कवळीच्या खाचेत परवाचं जेवण सापडे, मापाच्या साच्यावर वाळलेली लाळ असे. सव्वीस वर्षांत सवय व्हायला हवी होती. झाली नाही. रोज पहिला साचा धुताना ती मनातल्या मनात देवाचं नाव घेई आणि ब्रश चालवी. घाण गेली की खाली काहीतरी नीट, स्वच्छ उरतं, एवढ्यासाठी ती सोसायची.

घड्याळांचंही तसंच. रविवारी जुन्या बाजारात नकली घड्याळं ढिगाने मिळत. तबकडीवर मोठ्या कंपनीचं नाव आणि पोटात लंगडत चालणारं पत्र्याचं यंत्र. ताई ते यंत्र काढून टाकी, चांगलं बसवी, ओरखडा न पडणारी काच घाली, वाकडे काटे सरळ करी, थेंबाच्या शंभराव्या भागाइतकं तेल सुईच्या टोकाने देई. तबकडीवरचं नाव तेवढं खोटंच राही. ते पुसायला गेलं तर तबकडीच जाते. म्हणून तिने स्वतःला एक नेम घालून घेतला होता. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, दात कोरायच्या बारीक सुईने, ती ‘नक्कल’ हा शब्द आणि तारीख कोरी. दवाखान्यात प्रत्येक कवळीच्या आत पेशंटचा नंबर कोरायची, तसंच. विकलं मात्र तिने एकही नाही. मागेल त्याला देई, आणि देताना तोंडावर सांगे, की हे खोटं आहे बरं का.

“त्यात लाज कसली?” ती म्हणे. “कवळीही खोटीच असते. पण घालणाऱ्याला माहीत असतं ना!”

हे दर वेळी विसरायचा तो फक्त धाकटा भाऊ. तो फर्निचरच्या शोरूममध्ये सोफे विकायचा. दर महिन्याला ताईचं नवं घड्याळ त्याच्या मनगटावर असे. एकदा ती खुर्ची बघायला शोरूममध्ये गेली, तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला बाही मागे सारून सांगत होता, “आमच्या वडिलांचं हे. अस्सल. आता असं मिळत नाही.”

वडिलांनी जन्मात घड्याळ घेतलं नव्हतं. कामावर निघताना ते शेजाऱ्याच्या दाराशी थांबून वेळ विचारायचे, आणि कधी कधी शेजारी ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचा. ताई खुर्ची न बघताच परत आली. त्या दिवसापासून तिला धाकट्याच्या मनगटाचीच किळस बसली. तो समोर जेवायला बसला की ती त्याच्या ताटाकडे बघे, तोंडाकडे बघे, हाताकडे बघत नसे.

चूक झाली ती तिथेच.

डॉक्टरांचं घड्याळ अस्सल होतं. दवाखाना उघडला त्या वर्षी बायकोने त्यांना दिलेलं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. घड्याळ मध्येच थांबू लागलं तेव्हा त्यांनी ते रुमालात बांधून ताईच्या खोलीत आणलं.

“दुकानात देववत नाही, बाई. आतलं काय काढतील, काय घालतील, मला कळायचंही नाही. तुम्हीच बघा.”

सव्वीस वर्षांत त्यांनी तिला कौतुकाचे चार शब्द ऐकवले असतील-नसतील. हे रुमालातलं ओझं त्या चारांहून जड होतं.

योगायोगाने अगदी तसंच एक नकली घड्याळ तिच्या घरच्या टेबलावर होतं. आजवरच्या कामातलं सर्वांत देखणं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पट्ट्याची चमकसुद्धा सारखी दिसे. शनिवारी दुपारी डॉक्टरांचं घड्याळ झालं. तिने चिठ्ठी लिहिली: ‘आतला एक दांडा झिजला आहे, रोज दीड मिनिट मागे पडेल, याहून बरं होणार नाही. पाणी अडवणारं रबर कुजलं होतं, नवीन यायचं आहे, तोवर पाणी लावू नये.’ घड्याळ आणि चिठ्ठी कापडी पिशवीत घालून तिने पिशवी टेबलाच्या खणात ठेवली. संध्याकाळी नकली टेबलावर दिसलं नाही, तेव्हा धाकट्याने नेहमीसारखं उचललं असेल असं तिने धरलं. सोमवारी सकाळी ती पिशवी तशीच डॉक्टरांच्या हातात दिली. उघडून बघितली नाही.

पुढच्या मंगळवारी डॉक्टर तिच्या दारात आले. हसत. डॉक्टर हसले की कंपाउंडरसुद्धा वळून बघे.

“बाई, काय जादू केलीत? चिठ्ठीत दीड मिनिट लिहिलंत. मी रोज रेडिओशी लावून बघतोय. सेकंदाचासुद्धा फरक नाही! इतकं नीट तर हे नवं होतं तेव्हाही चालत नव्हतं.”

ताईच्या हातात प्लॅस्टर कालवायची वाटी होती. ती तिने खाली ठेवली.

“जरा बघू?”

झिजलेला दांडा आपोआप भरून येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तिने डॉक्टरांकडे पाठ करून झाकण फिरवलं. आतल्या बाजूला तिच्याच हाताने कोरलेलं होतं: नक्कल. खाली गेल्या महिन्याची तारीख.

“काय, आहे ना ठीक?” डॉक्टरांनी विचारलं.

“जरा... एक दिवस राहू द्या माझ्याकडे,” ती म्हणाली. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. जिभेवर प्लॅस्टरची भुकटी पडल्यासारखं झालं.

संध्याकाळी धाकटा शोरूममधून आला, बूट काढले, खुर्चीत पसरला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ताईने त्याच्या मनगटाकडे बघितलं. काचेच्या आत धुकं होतं. काटे सात वीसला थांबले होते.

“कधी बदललंस?”

“काय?” मग तिच्या हातातलं झाकण बघून तो हसला. “अगं, शनिवारी. एक दिवसापुरतं घातलं होतं. मित्रांत एक जण जाणकार आहे, नेहमी माझी खेचतो. म्हटलं, एकदा खरंच दाखवू. कानाला लावून म्हणाला, बापरे, हे खरं! ताई, काय सांगू, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.”

“मग सोमवारच्या आत पिशवीत परत का नाही ठेवलंस?”

“डॉक्टरांना कळलं का? नाही ना? उलट खूश असतील. तुझं जास्त चांगलं चालतं! माझ्यामुळे तुझं काम पास झालं म्हण की.”

“पाणी कसं गेलं आत?”

“आंघोळीला काढलं नाही एक-दोनदा. त्यात काय! अस्सल आहे ना? तुझी नकली पाण्यात चालतात, मग अस्सलला काय धाड भरलीय?”

तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता. ताईला कोरड्या खोलीत साबणाचा वास आला. ओल्या केसांचा, कोमट पाण्याचा. कवळीच्या खाचेतलं जेवण बघून यायची तशी शिसारी आली, आणि या वेळी देवाचं नावही आठवलं नाही.

“दे ते.”

“देतो गं. थांबलंय, तुला काय, तू तर चुटकीसरशी... आतलं काढ आणि नवं घाल. नाहीतर गप्प बस. कोण झाकण उघडून बघतंय!”

स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ताईच्या टेबलावरचा एक कागद उचलून तिने नवऱ्यासमोर धरला.

“काढा आणि यावर ठेवा.”

“तुझ्या हातात देतो की.”

“मी हात लावणार नाही,” ती म्हणाली. “कागदावर ठेवा.”

ताईने घड्याळ उघडलं. चाकांवर तांबूस पूड धरली होती. दोन ठिकाणी स्क्रूच्या डोक्याची खाच दिसत नव्हती. जे भाग गंजले होते ते आता कुठेच बनत नव्हते.

सकाळी तिने रोजच्यासारखं पोथीचं नेमाचं पान वाचलं. अक्षरं दिसली, अर्थ लागला नाही. तेच पान तिने पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

दवाखाना उघडायच्या आधी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि दोन्ही घड्याळं त्यांच्या टेबलावर, हिरव्या कापडावर ठेवली. आठ दिवस काय झालं ते सांगितलं, झाकणाच्या आत कोरलेलं ‘नक्कल’ दाखवलं. धाकट्याचं नाव घेतलं नाही.

“माझ्या घरातून झालं,” एवढंच म्हणाली. “आणि देताना मी पिशवी उघडून बघितली नाही.”

डॉक्टरांनी चष्मा शोधला, सापडला नाही. ते वाकून दोन्हींकडे बघत राहिले.

“यातलं माझं कुठलं?”

“बंद पडलंय ते.”

बाहेर कंपाउंडर खुर्च्या मांडत होता. त्यांचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज येत राहिला.

“चालू होईल?”

“होईल. पण आतलं सगळं बदलावं लागेल.”

“सगळं?”

“हो.”

डॉक्टरांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, “मग त्या झाकणाच्या आत काय लिहाल, बाई?”



त्यांनी बंद घड्याळ उचललं, कोटाच्या टोकाने काच पुसली, धुकं आतून होतं म्हणून ते गेलं नाही, आणि ते मनगटाला बांधलं. दुसरं टिकटिकत होतं. दात तपासायच्या आरशाच्या दांड्याने त्यांनी ते कापडावरून तिच्याकडे सरकवलं. पेशंटच्या तोंडातून काढलेली वस्तू सरकवतात तसं. बोट लावलं नाही.

ताईने ते उचलून पदराखाली धरलं. तिच्या हातातली सगळ्यात चांगली वस्तू होती ती, आणि तिला आता कधी एकदा हात धुते असं झालं होतं.

नोकरी सोडा, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. त्या दिवसापासून एवढंच झालं, की दुपारी शेवटचा पेशंट गेला की ते हात पुसत तिच्या दाराशी येत. मनगटावर सात वीस वाजलेले असत. त्यांच्या खुर्चीसमोर भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ होतं, तरीही ते विचारत,

“बाई, किती वाजले?”

ताई प्लॅस्टरचे हात पुसून उठे, दारात येई, त्यांच्या खांद्यावरून भिंतीवर बघे आणि मिनिट न चुकवता वेळ सांगे.