जेवताना बोलू नये

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. एरवी मी घेत नाही, पण डोकं तापलं की घेते, आणि ही गोष्ट सांगताना माझं डोकं अजूनही तापतं. माझ्या नवऱ्याचं नाव निंबा.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी निंबाच्या पोटात जखम निघाली. आमची खोली नवागामात आणि पंधरा मिनिटांवर ठाकोरशेठचं खातं, म्हणजे लूमची, यंत्रमागांची शेड. तिथे तो सकाळी सात ते संध्याकाळी सात सहा लूम सांभाळायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की औषध निम्मं काम करेल, निम्मं जेवणानं करायचं. उपाशीपोटी चहा नको. तिखट, तळलेलं कमी. जेवण ठरल्या वेळी, खाली बसून, घास नीट चावून. हे जमलं नाही तर पोट फाडावं लागेल, आणि मग लूमवर उभं राहणं विसरा.

खान्देशातल्या बाईला मिरची कमी कर म्हणणं किती सोपं! तरी मी केली. शेवभाजी बंद केली. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पालक. सकाळी चहाच्या आधी केळं आणि चतकोर भाकरी. एका घरात दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून मीही तेच बेचव गिळलं. आणि डबा रोज अर्धा परत यायचा. पोट दुखायचं ते दुखायचंच. मला खात्री झाली, की हा माणूस कोपऱ्यावरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, भजी हाणतो आणि घरी येऊन साळसूदपणे पोट धरतो. विचारलं तर म्हणायचा, जेवलो की. मी भांडले, दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं आणि दुपारी डबा घेऊन स्वतः खात्यात गेले.

निंबा लारीवर नव्हता, लूमपाशीच होता. त्यानं भाकरीत भाजी गुंडाळली, डाव्या हातात धरली आणि उभ्यानं एक घास घेतला. तेवढ्यात तिसऱ्या लूमचा धागा तुटला, तो पळाला. पाचव्याची सुताची कांडी संपली, तिकडे पळाला. तोंडातला घास तसाच पाण्याबरोबर खाली ढकलला. तीन मिनिटांत जेवण आटोपलं, उरलेलं डब्यात. लूम थांबला की कापड कमी निघतं आणि शेठ बोलतो, म्हणून सगळी शेड अशीच जेवत होती. माझा नवरा खोटं बोललाच नव्हता. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो.

त्याच्या डोक्यावर भिंतीला एक रंगीत तक्ता चिकटवलेला होता, गुजरातीत. प्लेगनंतर आमच्या शेठला आरोग्याचं वेड लागलं होतं. शेजारच्या लूमवरचा धुडकू गुजराती वाचायचा. त्यानं खडखडाटात माझ्या कानाशी ओरडून मला तो वाचून दाखवला. जमिनीवर बसून जेवावे. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा. जेवताना बोलू नये. मन शांत ठेवावे. खाली ठाकोरशेठचा हात जोडलेला फोटो. वाचताना धुडकूसुद्धा उभ्यानंच जेवत होता.

मी गल्लीतल्या बायकांबरोबर कांड्या भरायचे. धागा जोडणं, कांडी बदलणं माझ्या हातातलं काम. मी पदर खोचला आणि निंबाला बाजूला केलं.

"तुम्ही बठा. मी देखस."

तो आधी लाजला, मग बसला. वीस मिनिटं जेवला. दुसऱ्या दिवसापासून मी रोज जायला लागले. पंधरा दिवसांत डबा चाटूनपुसून येऊ लागला, पोटातली आग थांबली, चेहऱ्यावर तजेला आला. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. मीही फुगले होते, कशाला नाही म्हणू?

शेठनं मला लूमवर पाहिलं. बाई हुशार आहे म्हणाला. आणि पुढच्या सोमवारी निंबाच्या माथी आणखी दोन लूम मारले.

"अब तो तुम दो जने हो," तो म्हणाला. "आठ चलाओ."

मी सांगितलं, की मी फक्त जेवणापुरती येते. तो हसला आणि निघून गेला. दिवसभर आठ लूमवर निंबा एकटा, आणि माझ्या वीस मिनिटांत तर आम्ही दोघं पळूनही पुरे पडत नव्हतो. तो पुन्हा उभ्यानं गिळायला लागला. शेठचा संताप आलाच, पण स्वतःचा त्याहून जास्त आला. नवऱ्याला बसून जेवता यावं म्हणून मी गेले, आणि त्याचं बसणं मीच घालवलं.

आठवड्याभरात निंबाला काळी शौच झाली. आतून रक्त जातंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि विचारलं, बसून जेवतो ना?

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि पदर खोचला नाही. हाताची घडी घालून उभी राहिले. निंबाला कळलं, आज मी लूम बघणार नाही. लूम बंद केला तर नोकरी जाईल, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"पोट तुमनं शे. शेठनं नही."

तो जागचा हलला नाही. मला वाटलं, हा काही करायचा नाही, भाकरी गुंडाळेल आणि पळत सुटेल. मग त्यानं पहिल्या लूमचा दांडा ओढला. मग दुसऱ्याचा. एकेक करून आठही बंद केले, हात धुतले आणि बरोबर त्या तक्त्याखाली मांडी घालून बसला. मी डबा उघडला.

ऑफिसातून शेठ तावातावानं आला. कोणी बंद केले, विचारलं. निंबाच्या तोंडात घास होता. त्यानं शेठकडे बघितलं, एक बोट वर करून तक्ता दाखवला आणि चावत राहिला.

शेठनं वर बघितलं. तिथे त्याचाच फोटो हात जोडून उभा. तो आणखी भडकला. दुसरा कारीगर आणतो, उद्यापासून येऊ नकोस, असं काहीबाही ओरडू लागला. तेवढ्यात धुडकूनं आपले लूम थांबवले. त्याच्या पलीकडच्यानंही थांबवले. खडखडाट हळूहळू विरत गेला, आणि त्या शांततेत धुडकूनं तक्त्यावरची ओळ गुजरातीत वाचली.

"जमती वखते बोलवुं नहीं."

कुणी हसलं नाही. माझ्या तोंडात चार शिव्या तयार होत्या, पण निंबानं हातानंच मला गप्प केलं. तो जेवत होता. भाकरी मोडायची, वरणात बुडवायची, चावायची. भाकरी चावल्याचा आवाज मला त्या खात्यात पहिल्यांदाच ऐकू आला. शेठ उभा, आम्ही सगळे उभे, आणि माझा नवरा एकटा बसलेला.

त्यानं शेवटचा घास संपवला, पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"हां, शेठ," तो म्हणाला. "अब बोलो."