बोलायचं नाही, फक्त दाबायचं

चातुर्मासातल्या गुरुवारी मी दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन पाळते. लिहायचंही नाही, कारण मोबाइलवर टाइप केलेलं म्हणजे बोलणंच की! खुणा तेवढ्या चालतात. आणि इथे अमिरातीत, फुजैराच्या शाळेची तपासणी नेमकी गुरुवारी सकाळी आली.

शाळांमध्ये संकटाच्या वेळी दाबायची अलार्मची बटणं बसवायची आणि नियमाप्रमाणे ती पास करून द्यायची, हे आमच्या छोट्याशा कंपनीचं काम. आज पास झालं नाही तर सोमवारी शाळा उघडणार नव्हती.

“शोभनाताई,” आमचे मालक राजाभाऊ गाडी चालवता चालवता म्हणाले, “देवाला एक मेल टाका ना. काइंडली रीशेड्यूल.”

मी हात जोडले.

“म्हणजे नाही. खलास!”

शाळेच्या गेटवर आमचा टेक्निशियन हमीद भेटला. त्याला दुसऱ्या टोकाचं रुवैस गाव गाठायचं होतं, त्यामुळे तो घाईत होता. “मॅडम, बटन राइट साइड में शिफ्ट किया. नया ड्रॉवर अटक रहा था. खैरुन्निसा को बोल देना!” आणि व्हॅन गेलीसुद्धा. राजाभाऊ तेव्हा फोनवर कोणाला तरी “इन्शाल्ला, इन्शाल्ला” करत होते. त्यांनी काही ऐकलं नाही.

बोल देना! आणि तेही गुरुवारी!

खैरुन्निसा रिसेप्शनवर बसते. हैदराबादची, गोड मुलगी. तिला मीच शिकवलं होतं: बोलायचं नाही, ओरडायचं नाही, डाव्या हाताने टेबलाखालचं बटण दाबायचं. अलार्म खोलीत वाजत नाही. समोरच्या माणसाला पत्ताही लागत नाही आणि गार्ड, नर्स, प्रिन्सिपल सगळ्यांच्या फोनवर निरोप जातो. डाव्या हाताने, हे मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

इन्स्पेक्टरबाई आल्या. काळा अबाया, गंभीर चेहरा. आम्हाला सोफ्याजवळ उभं केलं आणि काउंटरजवळ कोणी जायचं नाही म्हणून बजावलं. “मी खूण केली की ही मुलगी अलार्म देईल,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “एक शब्दही न बोलता.”

मी खैरुन्निसाकडे बघून उजवा हात हलवला. तिनेही हात हलवला. गोड हसली.

मी उजवा गुडघा थोपटला आणि अंगठा हवेत दाबला.

“थम्स अप!” राजाभाऊ खूश. “मॅडम, एव्हरीथिंग ओके!”

मी जोरजोरात मान हलवली. परत उजवा हात, परत गुडघा.

“गुडघा दुखतोय का ताई? सकाळपासून उपाशी, दुसरं काय होणार!” राजाभाऊंनी खुर्ची ओढली. “सॉरी मॅडम, शी इज फास्टिंग.”

“रमदान तर केव्हाच झाला,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

“हिंदू फास्टिंग, मॅडम. वेरी स्ट्राँग.”

इन्स्पेक्टरबाईंनी घड्याळ बघितलं, हात वर केला. खैरुन्निसाचा डावा हात टेबलाखाली गेला. चाचपला. पुन्हा चाचपला. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

मग मला राहवलं नाही. पदर खोचला, काउंटरच्या मागे धावले, बटण दाखवायला खाली वाकले आणि त्या नव्या कोऱ्या ड्रॉवरवर डोकं असं आपटलं, की मी फतकल मारून खालीच बसले.

“आई गं!”

“या अल्ला!” खैरुन्निसा माझ्याशेजारी गुडघ्यांवर आली. “अम्मा! क्या हुआ, बोलो ना!” आणि वर बघते तर काय, तिच्या नाकासमोर लालचुटुक बटण! दाबलं.

खोलीत चिटपाखराचाही आवाज नाही. पण जिन्यावरून धडाधडा पावलं आली. दोन गार्ड, मागून प्रिन्सिपल, आणि मल्याळी नर्स स्ट्रेचरसकट.

“नाव काय, मॅडम? नाव सांगा!” नर्सने माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला.

मी तोंड घट्ट मिटलं.

“बोलता येत नाहीये! स्ट्रोक!”

“मौन! सिस्टर, मौन!” राजाभाऊ ओरडले. तिने कागदावर पेशंटचं नाव लिहिलं: मिसेस मौन.

मी हात जोडत होते, हसू दाबत होते, आणि गार्ड मला स्ट्रेचरवर चढवत होते. तेवढ्यात इन्स्पेक्टरबाईंचा आवाज आला, “एक मिनिट. अलार्म देणारी मुलगी बोलली.”

खैरुन्निसाचे डोळे भरले. सोमवारची शाळा गेली म्हणायची!

“मॅडम,” ती पुटपुटली, “या अल्ला बोली मैं. बस. अल्ला का नाम लेना भी बात करना है क्या?” ‘अम्मा, क्या हुआ’ वगैरे आणखी होतं, पण ते तिने गिळलं.

इन्स्पेक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं, स्ट्रेचरवरच्या माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा तो गंभीर चेहरा आधी ओठांच्या कडेला फुटला, मग सगळाच फुटला. “नाही,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “अल्लाचं नाव म्हणजे बोलणं नव्हे. पास! बटण कुठे आहे ते मात्र हिला आजच्या आज शिकवा.”

परतीच्या वाटेवर फुजैराचे डोंगर लागले, तसा राजाभाऊंनी विषय काढलाच.

“शाळेचं मिटलं. पण ताई, तुमचं ते ‘आई गं’?”

मी बोट वर आभाळाकडे दाखवलं.

“आई म्हणजे अंबाबाई? वा! मग तुम्हीही पास!”

मी तोंड खिडकीकडे वळवलं आणि खांदे हलेपर्यंत हसले. हसणं मौनात बसतं की नाही, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.