लोमापाम्बाची डोण

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोण आहे. आंदीजच्या डोंगरातल्या लोमापाम्बा गावी, चर्चसमोरच्या मैदानात एका पाथरवटाने मला अखंड दगडातून कोरले. दर गुरुवारी तिथे जनावरांचा बाजार भरे. वरच्या वाड्यांवरून खेचरे, मेंढ्या, लांब मानेचे लामा उतरत आणि सौदा होण्याआधी माझ्यापाशी पाणी प्यायला येत.

मला भरण्याचे काम गावातल्या झोइलाचे. पहाटेच ती माझे शेवाळ घासून काढी आणि ओढ्याचे पाणी माझ्यात वळवी. सौद्यावरून हमरीतुमरीवर आलेल्यांना ती म्हणे, "आधी जनावरांना पाणी पिऊ द्या, मग एकमेकांचं रक्त प्या." माणसे हसत आणि उकडलेला मका खायला बसत.

पुढे क्विटो शहर वाढत वाढत आमच्या दाराशी आले. ओढा जमिनीखालच्या नळात गेला. जनावरांच्या वासाची तक्रार झाली आणि बाजार उठला. मैदानात उंच इमारत उभी राहिली. झोइलाच्या मुलाने, विल्सनने, आईला तिथेच पाचव्या मजल्यावर आणले. मला फाटकाशी ठेवून माझ्यात माती भरली, लाल फुले लावली. येणारेजाणारे कौतुक करत. मला ते गोड लागले नाही.

एका गुरुवारी आबेलार्दो नावाचा म्हातारा खेचर घेऊन पुढच्या गावाला निघाला होता. खेचराने मला ओळखले. ते दोर ओढत आले आणि त्याने तोंड घातले ते मातीत.

पहारेकरी धावला. "काका, पुढे घ्या. फुलं खाईल ते."

"फुलं नकोत त्याला, बाबा. ते इथं पाणी पितं."

"इथं पाणी नसतं."

खेचर हलेना, तेव्हा आबेलार्दोने त्याच्या मानेवरून हात फिरवत त्याला वळवले.

झोइलाने हे खिडकीतून पाहिले होते. लिफ्टची तिला भीती वाटे. भरलेले पातेले घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी ती जिना उतरली. तोवर रस्ता रिकामा झाला होता. मागोमाग विल्सन आला.

"आई, चल वर. लोक बघतायत."

"माझ्या दारातून तहानलेलं गेलं रे," ती म्हणाली.

पातेले तिने माझ्या काठावर ठेवले आणि बराच वेळ बसून राहिली. विल्सन उभाच होता. मग त्याने एका हातात पातेले घेतले, दुसऱ्या हाताने आईला उठवले.

मित्रांनो, मला धुवा, पुसा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या गावी एखादी डोण उरली असेल, तर तिच्यात फुले लावू नका. पाणी घाला. कोण कुठून तहानलेले येईल, सांगता येत नाही.