शिवकांताचा श्वास

ते साल एकोणीसशे पंच्याऐंशी. लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष सरत होतं आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. विहिरींचा तळ दिसायचा, मिळेल ते पाणी लोक पीत आणि गावोगाव जुलाबाची साथ होती. त्या उन्हाळ्यातलं सगळं आता विरलेल्या लुगड्याच्या धडप्याआडून पाहिल्यासारखं आठवतं. दुपारी रान हलायचं आणि बाभळी जमिनीपासून सुटून तरंगतायत असं वाटायचं.

उमरीची महानंदा लातूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. रक्तातल्या आम्ल-क्षाराच्या तोलाचा धडा तिनं घोकला होता, पण तो तिला कळला नव्हता. तो शिकवणाऱ्या देगलूरच्या नागम्मा सिस्टर एका दुपारी तिला घेऊन दवाखान्याच्या जीपनं औशाकडच्या खेड्यात औषधं वाटायला गेल्या.

तिथं एका घरात बायकांची दाटी होती. मधोमध बारा दिवसांची बाळंतीण शिवकांता भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, कपाळभर हळदकुंकू. लोहाराच्या भात्यासारखा खोल, भराभर श्वास चालला होता. समोर उदाचा धूर.

"माहूरची माय आलीय अंगात," सासू धोंडाबाई हात जोडून म्हणाली. "सकाळधरनं घुमून राहिलीय. नवस राह्यला होता आमचा."

"आधी काही दुखणं होतं का, मावशी?" महानंदानं विचारलं.

"दोन दिस जुलाब हाय. म्हणून तर पानी तोडलं. बाळंतिणीला कुटं पानी देत्यात? तुमच्या गावात देत्यात का?"

बायका हसल्या. महानंदा खाली बसली. तिनं श्वास मोजले, मिनिटाला छत्तीस. नाडी दोऱ्यासारखी बारीक. पोटावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली.

"निमोनिया असेल, सिस्टर?"

"छाती ऐक की. मला काय विचारतीस?"

छाती स्वच्छ होती. हवा सरळ आत जात होती, सरळ बाहेर येत होती. मग एवढा दम कशाला? त्या धुरात तिला घोकलेला धडा हळूहळू माणसाचं रूप घेताना दिसला.

"जुलाबावाटे अंगातला आम्ल मारणारा क्षार गेला," ती पुटपुटली. "रक्तात आम्ल वाढलं. श्वासातून जो वायू बाहेर पडतो, तो रक्तात आम्लच करतो. म्हणून छाती तो उपसून टाकतेय."

"आता कळलं बघ तुला." नागम्मांनी उदाचं ताट बाजूला सारलं. "अक्का, हे घुमणं न्हाई. पोरीचं शरीर जीव वाचवायला झटतंय. तो श्वास अडवू नका. पण एकट्या श्वासानं भागायचं न्हाई. पाणी गेलंय, क्षार गेलाय, ते परत द्यावं लागतंय. न्हाईतर हा श्वास थकेल, आणि तुम्ही म्हणाल, माय शांत झाली."

धोंडाबाईचे हात खाली आले.

"माझी गेलेली लेक," ती सुनेकडं बघत म्हणाली, "अशीच घुमत होती. पानी माग माग मागली. आमी तिची ओटी भरत बसलो."

धोंडाबाई उठली आणि उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या स्वतः घेऊन आली. महानंदानं त्यात क्षाराची पुडी मिसळली. जीपमध्ये सुनेचं डोकं मांडीवर घेऊन धोंडाबाई लातूरपर्यंत घोटघोट पाजत राहिली. दवाखान्यात सलाईन चढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवकांताचा श्वास इतका हलका झाला, की तो चाललाय का ते पाहायला धोंडाबाईनं नाकाशी बोट धरलं.

जुलाबात पाणी तोडणं म्हणजे माणूस तोडणं. आणि बायांनो, श्वास भराभर चालला तर आधी मोजा, मग कारण शोधा. देवाला हात नंतरही जोडता येतात.

शिवकांताला पुढं दोन मुली झाल्या. आता ती आजी आहे. नागम्मा सिस्टर निवृत्त होऊन देगलूरला राहिल्या, तिथंच वारल्या. महानंदा नांदेडला शिकवायला लागली. आम्ल-क्षाराचा धडा ती फळ्यावरून नाही, शिवकांतापासून सुरू करायची. आणि धोंडाबाई, जिवंत होती तोवर गावात कुठंही बाळंतीण असली की पाण्याचा तांब्या घेऊन जायची, आणि तो रिकामा झाल्याशिवाय उठायची नाही.