उकडल्याचा आरोप

मी बोलतेय, तिर्त्साच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतली तपकिरी बाटली. स्वयंपाकघर आपलं म्हणायचं सवयीने. या घरात चूल नाही, शेगडी नाही, तवा नाही. गालीलच्या डोंगरातल्या आमच्या या गावात काही शिजतच नाही.

गावाचा नियम साधा आहे. प्राण्याचं काही खायचं नाही, दूध नाही, अंडं नाही, मधही नाही. आणि पोटात जाणारी कुठलीही वस्तू बेचाळीस अंशांच्या वर तापलेली नसावी. वर गेली की ती 'उकडलेली', म्हणजे मेलेली. जो तो खिशात थर्मामीटर घेऊन फिरतो. चहा विचारला तर उन्हात ठेवलेलं पुदिन्याचं पाणी मिळतं, तेही मोजून.

माझ्या पोटात बी-बाराच्या लाल गोळ्या होत्या. त्यांचं कूळ सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. कारखान्यातल्या भल्यामोठ्या टाकीत जंतू बसले, गोड पाणी प्यायले आणि हे जीवनसत्त्व करून गेले. गाय नाही, मासा नाही. इतकं सोवळं कूळ अख्ख्या गावात कुणाचं नसेल. माणसाच्या रक्ताला आणि नसांना मी लागते, आणि झाडपाल्यात मी सापडत नाही. हा काही माझा दोष नाही.

हे एल्कानाला मान्य नव्हतं. एल्काना म्हणजे तिर्त्साचा नवरा आणि या गावाचा मूळपुरुष. बेचाळीस अंशांचा नियम त्याचाच. त्याचं म्हणणं असं, की बी-बारा मातीत असतं. "गाजर धुणारा माणूस आपल्या हाताने आपली ताकद मोरीत ओततो," असं तो दर सभेत सांगायचा. मग सगळे माना डोलवायचे, आणि जेवताना दाताखाली कचकच वाजायची.

एके दिवशी तो मळ्यातून परतला तेव्हा तिर्त्सा दारातच बदाम सोलत बसली होती.

"तुझी डावी चप्पल कुठे आहे?"

"पायात."

"खाली बघ."

त्याने बघितलं. चप्पल नव्हती. टाच फाटली होती, रक्ताचा माग अंगणभर उमटला होता, आणि याला पत्ता नाही. अख्खं गाव चप्पल शोधायला निघालं. ती बिटाच्या वाफ्यात सापडली आणि सगळे खूप हसले. तिर्त्सा हसली नाही. गेले कित्येक महिने तो भिंतीला हात लावून चालतो, हे तिने पाहिलं होतं.

शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "नसा झिजत चालल्या आहेत. अजून वेळ आहे, पण फार नाही. आता ऐकलं नाहीत तर हे पाय परत मिळायचे नाहीत. आजपासूनच इंजेक्शन सुरू करू."

"ती सुई वाफेवर उकडता ना तुम्ही?" एल्कानाने विचारलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बरं बाबा, मग निदान या जास्त ताकदीच्या गोळ्या. रोज एक, जिभेखाली."

अशी मी तिर्त्साच्या हाती आले. परतताना दोघं एका झऱ्यापाशी भांडायला थांबली आणि मला गाडीत काचेपाशी विसरली. खमसीनचे दिवस होते, वाळवंटाकडून भट्टीसारखा वारा सुटला होता. भांडण संपवून आली तेव्हा गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येईना.

एल्कानाने मला दोन बोटांत उचललं आणि पटकन खाली ठेवलं. "संपलं. उकडली ही."

"एल्काना, ही गोळी आहे! बटाटा नाही!"

"नियम मी केला. तो मीच मोडू?"

"गावाने हिला कच्ची ठरवलं तर घेशील?"

त्याने दाढी कुरवाळली. "घेईन," तो म्हणाला.

म्हणून शुक्रवारी सकाळी तुतीच्या झाडाखाली सभा भरली आणि मला टेबलावर उभं केलं. शेजारी साक्षीला थर्मामीटर. एका माणसाचे पाय राहतात की जातात, ते मी कच्ची की उकडलेली यावर ठरणार होतं. आयुष्यात इतका अपमान आणि इतका मान एकदम मला कधी मिळाला नव्हता.

आरोप ठेवायला मेनाशे उभा राहिला. तो निवृत्त वकील, भुकेल्या माणसाने जेवणावर तुटून पडावं तसा वादावर तुटून पडायचा.

"गाडीत किती अंश होते?"

"मी काय आत बसून शिजत होते?" तिर्त्सा म्हणाली.

"गोळी गरम लागत होती?"

"तुझं डोकं लागतंय तेवढी."

गावासाठी पाव करणारी हेदवा उठली. मोड आलेले गहू वाटून ती भाकरीएवढे पाव थापते आणि उन्हात वाळवते. "मेनाशे, गेले चार दिवस माझे पाव पत्र्यावर होते. त्या पत्र्यावर अंडं भाजलं असतं!"

"अंड्याचं नाव काढू नकोस इथे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"काढते! पाव खाल्लेत ना सगळ्यांनी? चाटूनपुसून? मग ते कच्चे आणि ही बिचारी उकडलेली?"

मेनाशेला घाम फुटला. हरायची त्याला सवय नव्हती. "हबीबती, लाडके, मुद्दा उकडण्याचा नाहीच," तो हात नाचवत म्हणाला. "अशी तापलेली गोळी बिघडते. म्हणून तर मी माझी फ्रीजमध्ये..."

त्याने जीभ चावली. झाडावरून एक पिकलेली तुती टेबलावर पडली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"तुझी?" हेदवाने विचारलं आणि फिदीफिदी हसू लागली.

"हसतेस काय? तुझी गव्हाच्या पिंपात आहे. मी स्वतः पाहिलीय!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. कुणाची बुटात निघाली, कुणाची गिटारच्या पोटात, एकाची तर पेटाऱ्यात थंडीच्या मोज्यांमध्ये. माझ्या जातबहिणी घरोघरी लपून बसल्या होत्या आणि मला पत्ताच नव्हता! गाव पोट धरधरून हसत होतं.

एल्काना हसला नाही. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"म्हणजे ती माती फक्त मीच खाल्ली?"

मेनाशेने मान खाली घातली.

"तिर्त्सा, तू?"

"बारा वर्षं झाली. बदामाच्या बरणीत ठेवते."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"दरवर्षी सांगितलं. दरवर्षी तू माझ्या हातात गाजर दिलंस."

तो उठला आणि टेबलाला, झाडाला, भिंतीला धरत घराकडे निघाला. चप्पल टेबलाखालीच राहिली. तिर्त्साने एका हातात ती उचलली, दुसऱ्या हातात मला, आणि त्याच्या मागे आली. मला फार वाईट वाटलं. गावातला एकच माणूस बोलला तसा वागला होता आणि त्यालाच धड चालता येत नव्हतं.

तो पायरीवर बसला होता. "मला राग आलाय."

"येऊ दे."

"गाव खोटारडं आहे."

"आहे. मीसुद्धा आहे. पण सगळे आपापल्या पायांनी चालताहेत, एल्काना." ती खाली वाकली. "डोळे मिट. सांग, चप्पल घातली का मी तुला?"

त्याने डोळे मिटले. खूप वेळ मिटून बसला. मग त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. "बघितल्याशिवाय नाही सांगता येत गं."

तिने माझं झाकण उघडलं. त्याने तोंड उघडलं.

"चेरीची चव आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला. "उकडलेल्या चेरीची."

त्यानंतर तो रोज घेऊ लागला. पुढे इंजेक्शनंही टोचून घेतली आणि प्रत्येक सुईला गावभर शिव्या घातल्या. मी त्याच्या उशाशी उभी राहून रिकामी होत गेले. पाय मात्र होते तसेच होते. तिर्त्सा रोज विचारायची, तो रोज मान हलवायचा.

पिकलेल्या तोंडल्यासारखी लाल फळं निवडुंगाला धरली तेव्हाची गोष्ट. अंगणातून अशी किंकाळी आली, की मी उशाशी थरारले. तिर्त्सा ओल्या हातांनी धावली.

"काय झालं?"

"काटा! निवडुंगाचा! जीव गेला माझा!"

"कुठे लागला?"

"अंगठ्याला!"

"कुठल्या?"

"डाव्या! दिसत नाही का तुला?"

तिने टाळ्याच पिटल्या. धुळीने भरलेल्या त्या अंगठ्याचे मुके घेतले, आणि तो वर ओरडतोय, "अगं बाई, आधी काटा काढ!" शेजारपाजार जमला. मेनाशे उशिरा पोचला, म्हणाला, "हबीबी, मित्रा, माझं ऐकायचं राहिलं. पुन्हा एकदा ओरड ना."

तुम्हाला एवढंच सांगते. चूल पेटवा नाहीतर पेटवू नका, पाला खा, मोड खा, तुमची मर्जी. फक्त माझ्या जातबहिणींना बुटात कोंबू नका. मिठाच्या शेजारी उघड्यावर ठेवा, आणि जो मनापासून गाजर खातोय त्यालाही एक द्या.

माझ्यातल्या गोळ्या संपल्यात. उशाशी आता दुसरी बाटली उभी असते. मला वाटलं, मी कचऱ्यात जाणार. पण तिर्त्साने मला धुतलं, पुसलं, तो काटा माझ्यात टाकून झाकण लावलं आणि या खिडकीत ठेवलं. आल्यागेल्यासमोर ती मला कानाशी धरून हलवते. ऐका, वाजतोय.