टोमॅटोच्या वाफ्यातली नळी

रायफलची खिट्टी बंद झाली. व्हायला नको होती इतक्या सहज बंद झाली, आणि तिथून पुढची सगळी दुपार धावपळीत गेली.

रायफल टॉलेफसन बाईंची. शोटो गावच्या शाळेत त्यांनी मला बीजगणित शिकवलं. मी बोझमनच्या विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ऑरिन काकाच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, तरी बाई समोर आल्या की मी अजून सरळ उभी राहते. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीने निघतो आणि बाई जवळजवळ अर्ध्या आयुष्यापासून त्यात नाव घालत होत्या. यंदा ते निघालं. त्यांच्या वयाला पुन्हा निघेल असं कुणीच म्हणणार नाही. उद्या पहाटे त्यांचे घोडे डोंगराकडे सुटणार होते आणि रायफलची झिजलेली नळी काढून आम्ही नवी बसवत होतो.

अडचण काडतुसाची होती. ते कुठल्याही कारखान्यात बनत नाही, कारण ते बाईंनी तरुणपणी स्वतः आखलंय. एका जुन्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, मागे ढकलायचा, मान बारीक करायची. ती मूळची पुंगळी आता कुणी तयार करत नाही. बाईंकडे उरलेल्या सगळ्या एका कॉफीच्या डब्यात मावतात. नवी नळी त्या डब्याशी जुळली तर बाईंची शिकार, नाहीतर हातात कुणाची तरी उसनी रायफल.

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायचं घर कोरलेलं असतं. त्या घराच्या खांद्यापासून, नळी मागून बंद करणाऱ्या खिट्टीच्या तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते कमी पडलं तर खिट्टी मिटत नाही. जास्त झालं तर बार उडताना पुंगळी ताणली जाऊन बुडाजवळ फाटते. हे अंतर तपासायला बाजारी काडतुसांसाठी पोलादी गेज विकत मिळतात. बाईंच्या काडतुसाचा एकुलता एक गेज काकाच्या खणात आहे. त्यावर मी नळी चोख बसवली, मग खात्रीसाठी बाईंची एक पुंगळी आत घातली, आणि खिट्टी नुसत्या करंगळीने खाली आली. पुंगळीच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावला, तरी मिटली. दुसरा लावला, तिसरा लावला, तरी मिटली. चौथ्याला कुठे अडली.

काकाने चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ गेजकडे पाहिलं. मग त्याला आठवलं. हा गेज नंतर आला होता. पहिली नळी त्याने गेजशिवायच बसवली होती, बाईंची पुंगळी आत घालून, हाताला लागेल त्या अंदाजाने. म्हणजे जुनं घर गेजपेक्षा आखूड होतं. किती आखूड, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, पट्ट्यांच्या जाडीवरून हिशेब करून कमी करू. काकाने मान हलवली. पुंगळ्या साच्यातून दाबून काढलेल्या, त्या जुन्या घरात किती सैल बसत होत्या ते पट्ट्या कशा सांगणार?

"अंदाजाने घट्ट केलं, तर मेंढा समोर उभा असताना बाई खिट्टीशी कुस्ती खेळतील," तो म्हणाला. "जुनी नळी पाहिजे."

"मग आहे कुठे ती?"

 काकाने खिडकीतून परसाकडे पाहिलं.

लॉर्ना काकू टोमॅटोच्या रोपांना आधाराला झिजलेल्या नळ्या रोवते. बारीक टोक मातीत, जाड टोक वर. दर वसंतात त्यांना हिरवा रंग देते आणि गांधीलमाश्यांनी आत घर करू नये म्हणून तोंडात बूच मारते. नळीवर काडतुसाचं नाव कोरलेलं असतं, पण रंगाखाली एकही अक्षर वाचता येत नव्हतं. मी पुंगळी घेऊन एकेक बूच उपटत निघाले. एका नळीत पुंगळी मानेपाशीच अडली, दुसरीत सरळ आत गडप झाली आणि ती काढायला मला चिमटा आणावा लागला. तिसरीतून एक रागावलेला कोळी बाहेर आला. शेवटी एका नळीत ती टक् करून नेमकी थांबली. विश्वास बसेना म्हणून मी पुंगळी काढून पुन्हा सोडली. पुन्हा टक्.

अर्थात, ती नळी नेमकी त्याच रोपाला टेकू होती, ज्याचे टोमॅटो काकू जत्रेतल्या स्पर्धेला नेणार होती.

काकाच्या हातात फावडं दिसताच काकू दारात आली. "ऑरिन, त्या रोपाला धक्का लागला तर आजपासून तुझं जेवण लेथवर."

"अगं, बाईंचा जन्माचा परवाना आहे."

"आणि माझे जन्माचे टोमॅटो आहेत."

मी दोघांच्या मध्ये मातीत बसले होते, आणि तेवढ्यात लक्षात आलं की नळी उपटायची गरजच नाही. घर वरच्या बाजूला आहे. गेज आत सोडायचा आणि नळीच्या बाहेर आट्यांखाली जी खांद्यासारखी कड असते तिच्यापासून तो किती वर राहतो एवढंच मोजायचं. तेच माप नव्या नळीचं घ्यायचं. दोन्हींमधला फरक हेच उत्तर. मी मायक्रोमीटर आणायला पळाले.

फरक आला चार हजारांश इंच. मी ओरडणारच होते, इतक्यात बोटाला हिरवं लागलं. त्या बाहेरच्या खांद्यावर काकूचा रंग होता, वर्षानुवर्षांचे थर. थिनरच्या फडक्याने पोलाद उघडं केलं आणि पुन्हा मोजलं: सात. पुन्हा: सात. ऊन लागून नळी थोडी वाढली असेल का, याचा हिशेब मी मोठ्याने करू लागले तेव्हा काका म्हणाला, "सिग्नी, परीक्षा संपली. लेथ चालू कर."

नव्या नळीचा बाहेरचा खांदा आणि मागचं तोंड लेथवर सात हजारांश कातलं, म्हणजे ती तेवढी जास्त आत बसेल. नळी पुन्हा पिळून बसवली. बाईंची पुंगळी घातली, खिट्टी मिटली. एक पट्टी लावली तेव्हा हाताला किंचित ओढ लागली. दुसऱ्या पट्टीला ठाम अडली. काकाने स्वतः करून पाहिलं, मग पुन्हा एकदा, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

बाई आल्या तेव्हा माझ्या गुडघ्यांना माती होती. का, ते त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. फरकाचा आकडा त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला, वर्गात घ्यायच्या तसाच. मग दुकानामागच्या मातीच्या बांधात त्यांनी एक बार उडवला आणि खिट्टी उघडून रिकामी पुंगळी तळहातावर घेतली. बुडाजवळ ताणल्याची चकचकीत कडी नव्हती. मी मायक्रोमीटर पुढे केला, पण त्या परसाकडे चालू लागल्या होत्या.

वाफ्यात त्या माझ्या शेजारी सावकाश गुडघ्यांवर बसल्या, फांदी बाजूला केली, बूच काढलं आणि उडवलेली, बार उडताना नव्या घराचाच आकार घेतलेली पुंगळी जुन्या नळीत सोडली.

टक्.

बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "आता मेंढ्याची जबाबदारी माझी," त्या म्हणाल्या आणि उठायला त्यांनी माझा हात धरला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूने सांगितलं की पुंगळी काढून घ्या आणि बूच परत लावा.