वाहिलेलं फूल

हायब्रीड गुलाबाला वास नसतोय म्हणं! कोण म्हणतंय? आमच्या दारात या की हुंगायला.

अठ्ठ्याण्णव साली कसबा बावड्यात आम्ही नवं घर बांधलं. आमचे मालक साखर कारखान्यात कामाला, तिथनं झाडाला प्रेसमडचं, म्हंजे उसाच्या मळीचं खत आणायचे. फुलांच्या प्रदर्शनात मी दुकानदाराचं डोकं खाल्लं, हायब्रीड पाहिजे पर वासाचंच पाहिजे. कलमाच्या खालनं येणारे रानटी फुटवे हातानं खुडले. वर्षात झाड गड्याच्या छातीला लागलं, अन् वास पार गल्लीच्या तोंडापतोर.

आमच्या गल्लीत एक रीत. सकाळी बायका परडी घेऊन निघायच्या अन् कुणाच्याबी दारातली फुलं तोडायच्या. देवाच्या फुलाला विचारायचं न्हाय. फकस्त आमचं फाटक सोडायच्या. आम्ही बौद्ध की! शेजारच्या झुंबरबाई तर नाकाला पदर लावून जायच्या.

मग एक फांदी त्यांच्या भिंतीपलीकडं वाकली. झुंबरबाई गरजल्या, "पारूबाई, आयतवारपतोर छाटा, न्हायतर मुळासकट काढतो."

"हात लावून बघा," मी म्हणलं.

मालक म्हणाले, "फांदीच हाय, छाटून टाक."

"आज फांदी, उद्या झाड, परवा आपण. न्हाय छाटत."

आयतवारी झुंबरबाई फाटकावर. एका हातात विळा, दुसऱ्या हातात माझा गुलाब, वर हळदीकुंकू. मागं त्यांची सून प्रियदर्शनी, मान खाली घालून. पोरीनं भिंतीवरचं फूल तोडून देव्हाऱ्यात वाहिलं होतं. पूजा झाल्यावर सासूनं विचारलं, "काय वास हाय गं! कुणाच्यातलं?" अन् ती खरं बोलली.

"हे घ्या तुमचं फूल! आमच्या देवाला चालत न्हाय."

गल्ली गोळा झाली. माझं टाळकं सटकलं.

"अवो, वाहिलेलं फूल कोण परत देतं व्हय? मी देव मानत न्हाय. पर तुमच्या देवानं सकाळपासनं डोक्यावर घेतलंय की! त्यानं केली का तक्रार?"

कोणतरी फिस्सकन हसलं. झुंबरबाईंनी हातातल्या फुलाकडं बघितलं. टाकावं तर देवाचं, ठेवावं तर आमचं. शेवटी फूल पदरात गुंडाळलं अन् विळा घेऊन माघारी वळल्या.

मी मोठ्यानं हाळी दिली, "प्रियदर्शनी, फांदीला अजून कळ्या हायत. पाहिजे असली तर भिंतीवरनं न्हाय, फाटकातनं ये. परडी घेऊन, सगळ्यांच्या देखत!"

दुसऱ्या दिवशी सासू दारात उभी राहून बघत होती. तरी प्रियदर्शनी परडी घेऊन फाटकातनं आली.